डोक्याकडची बाजू

कागद सोमवारी आला, आणि नेमका पंखा बंद पडला त्या दिवशी आला, म्हणून बाईंनी वाचायच्या आधी तो वारा घ्यायलाच वापरला. उन्हाळा असा पेटला होता की सकाळी आठालाच फोनचा रिसीव्हर कानाला चिकटायचा. तीन रुग्णवाहिकांपैकी एक गॅरेजात पडून होती आणि उरलेल्या दोन उजाडल्यापासून पळत होत्या. कोणी शेतात चक्कर येऊन पडलं होतं, कोणाच्या छातीत भरून आलं होतं, आणि एक शहाणा गारव्यासाठी विहिरीत उतरून पाय मोडून बसला होता. बाई एका हातानं फोन धरत होत्या, दुसऱ्या हातानं कागद हलवत होत्या आणि तोंडानं सांगत होत्या, "आधी सावलीत न्या. तोंडात पाणी ओतू नका, अंगावर ओता. गाडी निघालीय, घरातलं एक माणूस रस्त्यावर उभं करा."

केंद्र म्हणजे तसं काही मोठं प्रकरण नव्हतं. पेट्रोल पंपाच्या मागे दोन खोल्या, गाड्यांसाठी पत्र्याची शेड आणि वरच्या सामानाच्या खोलीला बाहेरून लावलेला लोखंडी जिना. पहिल्या खोलीत फोन, वायरलेस आणि आजूबाजूच्या पन्नास वस्त्यांचा नकाशा. दुसरीत दोन खाटा, औषधांचं कपाट आणि धुतलेल्या चादरींचा कधीही न जाणारा ओला वास. बाई इथे चौदा वर्षं होत्या. पहिली आठ गाडीवर काढली, पुढची सहा या खुर्चीत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचा नवरासुद्धा संध्याकाळी सहापर्यंत बाईच म्हणे, आणि सहा वाजले की केंद्राच्या फाटकाबाहेर पडता पडता 'अगं'वर येई.

हा नवरा गाडीवर सहायक होता. म्हणजे मागे पेशंटजवळ बसायचं, ऑक्सिजन लावायचा, रक्त थांबवायचं आणि नातेवाइकांची बोलणी खायची. त्याला सारं केंद्र जावईबापू म्हणत असे, कारण ज्या ड्रायव्हरबरोबर तो रोज जाई तो त्याचा सासरा होता. बाईंचे वडील, आबा; जावई त्यांना मामा म्हणे. वय एकोणसाठ, त्यातली एकतीस वर्षं गाडीवर. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर निवांत. हे काही त्याचं नाव नव्हे, पण स्टिअरिंगवर नसताना त्याला घाई करताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्या जोडीला कंपाउंडर, ज्यानं खरोखरच कधीकाळी दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या आणि ज्याला कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नसे. रात्रपाळीची माणसं वेगळी होती, त्यांच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही.

दहाच्या सुमारास फोन जरा गप्प झाला तेव्हा बाईंनी वरच्या ऑफिसचा तो कागद वाचला. दुसऱ्या कुठल्याशा केंद्रावर जिना उतरताना पेशंट स्ट्रेचरवरून पडला होता. म्हणून आता गाडीवरच्या प्रत्येक माणसाची चाचणी घ्यायची होती. स्ट्रेचरवर नव्वद किलो ठेवायचे, ज्याची चाचणी त्यानं डोक्याकडे उभं राहायचं आणि एक पूर्ण जिना न थांबता, न टेकवता उतरायचा. केंद्रप्रमुखानं, म्हणजे बाईंनी, स्वतः पाहून 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहायचं आणि खाली सही करायची. शुक्रवारपर्यंत. अयोग्य ठरलेला माणूस गाडीवर चालणार नाही. शिवाय गेल्या तीन महिन्यांत कोणी किती वेळा डोक्याकडची बाजू उचलली, तो तक्ता जोडायचा.

डोक्याकडची बाजू जड. माणसाचं निम्म्याहून जास्त वजन कमरेच्या वर असतं, हे ज्यानं माणूस उचललाय त्याला सांगावं लागत नाही. डोक्याकडचा माणूस पेशंटचा चेहरा बघतो, 'एक, दोन, उचल' तोच म्हणतो, आणि जिन्यावर वाकून चालावं त्यालाच लागतं. म्हणून तिथे जोडीतला जाणता माणूस उभा राहतो. प्रत्येक फेरीच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना होता, उद्या कोणाची पाठ धरली तर कारण सापडावं म्हणून. बाईंनी फॉर्मचे गठ्ठे काढले आणि तक्ता करायला बसल्या.

निवांत आणि कंपाउंडर आलटून पालटून. ठीक. मग आबांची गाडी. डोक्याकडे जावईबापू. पुढच्या फॉर्मवर जावईबापू. त्याच्या पुढच्याही. बाई भराभर पानं उलटत गेल्या. तीन महिन्यांत एकशे बावीस फेऱ्या आणि एकशे बावीस वेळा एकच नाव, तेही आबांच्या गोल, सावकाश अक्षरात. बाईंनी हे सगळे फॉर्म स्वतः तपासले होते, प्रत्येकावर त्यांची बारीक सही होती. जोडी घरचीच, तिथे काय बघायचं, म्हणून कानाडोळा केला होता. फोन वाजला तेव्हा तो त्यांनी चौथ्या रिंगला उचलला, आणि हे त्या केंद्रावर कधी होत नसे.

घर दहा मिनिटांवर होतं आणि ते आबांचं होतं. तीन खोल्या, मागे अंगण. जावईबापू सासऱ्याच्या घरी राहतात यावरून लोकांनी सुरुवातीला बरंच तोंडसुख घेतलं होतं, पण एकाच गाडीवर जाणाऱ्या दोघांनी दोन घरांतून निघायचं कशाला, हा आबांचा हिशेब सरळ होता. त्या संध्याकाळी नवरा मागच्या पायरीवर बसून बूट घासत होता. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

त्यानं काय म्हणून विचारलं नाही. ब्रश मात्र थांबला. "थंडीपासून. त्या गिरणीच्या जिन्यावर मामांच्या पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. मला ऐकू आलं, एवढं वाजलं."

"ते म्हणाले, तुम्ही डोक्याकडे या?"

"मामा असं म्हणतील? दुसऱ्या दिवशी मीच आधी जाऊन उभा राहिलो. ते बघत राहिले माझ्याकडे. मग पायाकडे गेले. त्यावर आम्ही आजपर्यंत एक शब्द बोललो नाही."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

काय केलं असतं ते बाईंना ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडून ऐकायची इच्छा नव्हती.

"गाडी ते चालवतात ना," नवरा म्हणाला. "त्यांच्यासारखी कोण चालवतो? खड्डा आला की मागे पेशंटला कळत नाही. उचलायचं मी बघतो. वर्ष तर राहिलंय त्यांचं. जोडी मोडू नकोस, एवढंच कर."

"तुमचा उजवा खांदा वर करून दाखवा."

त्यानं केला. कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. तो हसला, पण ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं. "उन्हानं," तो म्हणाला.

आतल्या खोलीत आई आबांच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी लावत होती. दार लोटलेलं होतं. बाहेर अंगाची लाही होत असताना कोणी पाठ शेकत का बसेल, हा प्रश्न बाईंना तीन महिन्यांत पडला नव्हता. आज पडला, आणि स्वतःचाच राग आला.

मंगळवारी सकाळी त्यांनी पाळीच्या फळ्यावर जोड्या बदलल्या. आबा आणि कंपाउंडर. निवांत आणि जावईबापू. कारण असं काही लिहिलं नाही. नियम म्हणून दर तिमाहीला जोड्या फिरवायच्या असतात, ते कागदोपत्री खरंही होतं. पण खरं कारण वेगळं होतं. शुक्रवारी सही करायच्या आधी त्यांना बघायचं होतं. कदाचित नवऱ्यानं उगाच धसका घेतला असेल, कदाचित दुखणं आता बरं असेल, अशी एक वेडी आशा होती. आबांनी फळा वाचला, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला आणि गाडीची तपासणी करायला गेले. ऑक्सिजनचा काटा, बॅटरी, चाकांची हवा, स्ट्रेचरच्या कड्या, सलाईनच्या बाटल्या. रोजच्यासारखं एकेक मोठ्यानं म्हणत त्यांनी सगळं तपासलं. जावईबापूंनी मात्र बाईंकडे एकदाच पाहिलं, आणि दिवसभर त्यांना 'बाई'सुद्धा म्हटलं नाही.

मंगळवार निभावला. आबांच्या दोन्ही फेऱ्या सपाटीवरच्या होत्या.

बुधवारी दुपारी पावणेदोनला बाजारातून फोन आला. हार्डवेअरचा दुकानदार, तिसऱ्या मजल्यावर, छातीत कळा. बाईंनी विचारलं, "अंगानं कसे आहेत?" पलीकडची बायको रडतच म्हणाली, "भरलेले आहेत हो." दुसरी गाडी दूरच्या वस्तीवर होती. फळ्यावर आबा आणि कंपाउंडर होते. बाईंनी पत्ता सांगितला. आबा स्टूलावरून उठले, डबा तसाच झाकून ठेवला आणि निघाले. त्या क्षणी बाईंना म्हणता आलं असतं, थांबा, मी येते तिसरी. फोनवर कोण बसणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेही खरंच होतं.

पुढचा दीड तास वायरलेसवर नेहमीचेच शब्द आले. पोचलो. पेशंट घेतला. हॉस्पिटलला निघालो. पेशंट दिला. मध्ये एकदा पेशंट घेतला म्हणायला चौदा मिनिटं जास्त लागली, आणि ती बाईंनी घड्याळाकडे बघत काढली.

गाडी परत आली तेव्हा कंपाउंडर आधी उतरला. तो सरळ माठापाशी गेला आणि दोन पेले पाणी प्यायला. मग बाईंजवळ येऊन अगदी हळू बोलू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गोष्ट थोडक्यात सांगितली.

"दुसऱ्या वळणावर आबा म्हणाले, थांब. आबा थांब कधी म्हणतात का, बाई? मी वर बघतो तर त्यांचा गुडघा पायरीवर टेकलेला. स्ट्रेचर कललं एका बाजूला. मागे पेशंटचा मेहुणा होता म्हणून बरं, त्यानं झडप घालून दांडा धरला."

"पेशंट?"

"पट्ट्यात होता. सरकला नाही. वेळेवर पोचला, डॉक्टर म्हणाले जगेल. पण तो मेहुणा..." कंपाउंडरनं शेडकडे पाहिलं. आबा गाडीचा मागचा भाग धूत होते. "तो म्हणाला, काका, तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर तुम्हालाच उचलायची पाळी यायची. वर जमलेली माणसं हसली. मग तो डोक्याकडे आणि मी पायाकडे, असे उतरलो. आबा मागून आले. हातात पेशंटच्या चपला आणि फाईल."

बाईंना मेहुण्याचा राग आला नाही, तो त्याच्या जागी बरोबर होता. राग आला तो फळ्यावर जोड्या बदलणाऱ्या हाताचा. त्यांना आपल्या वडिलांची पाठ तपासायची होती आणि त्यासाठी त्यांनी एका परक्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं होतं.

आबांनी गाडी धुऊन काढली, मॅट उन्हात टाकली, हात पुसले आणि फॉर्म आणून टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला. वेळा बरोबर, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन किती लिटर. पायाकडे: कंपाउंडर. डोक्याकडे: पेशंटचा मेहुणा.

"आबा, हे काय लिहिलंय?"

"झालं ते लिहिलंय."

"असं वरच्या ऑफिसात गेलं तर..."

"रकाना मोकळा ठेवायचा नाही, ही पाटी तूच लावलीस ना भिंतीवर?" आबा समोरच्या खुर्चीत बसले. बसताना त्यांनी आधी टेबलाची कड धरली, मग खुर्चीचा हात, मग सावकाश अंग सोडलं. बाई पाहत राहिल्या.

"जोडी मी मुद्दाम मोडली होती," त्या म्हणाल्या.

"कळलं मला ते. तुला बघायचं होतं. सरळ विचारायचंस पोरी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं," ते म्हणाले. "आणि मग दुसरा कोणी पेशंट जिन्यावर तसाच कलला असता. आज नाहीतर चार दिवसांनी." "शुक्रवारी माझी घे चाचणी. सगळ्यांच्या शेवटी घे, म्हणजे कोणाचा खोळंबा नको."

गुरुवारी घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आईनं तेवढं संध्याकाळी बाईंना अंगणात गाठलं. "वर्षभरासाठी त्यांची मान खाली घालू नकोस गं," ती म्हणाली. "तुला गाडीवर त्यांनीच नेलं. बायका कशाला हव्यात म्हणणाऱ्यांच्या तोंडाला तेच लागले तेव्हा." बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. त्यांना पहिल्यांदा माणूस उचलायला शिकवलं तेही आबांनी, याच अंगणात, आईलाच खाटेवर झोपवून. त्या दोरीवरचे कपडे काढत राहिल्या. रडू येत होतं, पण कपडे बरेच होते.

शुक्रवारी सकाळी सातला चाचणी सुरू झाली. सातालाच पत्रा तापायला लागला होता. वाळूची सहा पोती, प्रत्येकी पंधरा किलो, जावईबापूंनी आदल्या दिवशी भरून ठेवली होती. बाहेरचा लोखंडी जिना चौदा पायऱ्यांचा. निवांत उतरला, कंपाउंडर उतरला आणि उतरल्यावर त्यानं त्यावर पाच मिनिटं भाषण दिलं. जावईबापू उतरले, खांदा आवळून, दात दाबून, पण नीट उतरले. प्रत्येक वेळी पोती पुन्हा वर न्यायची होती. चौथ्या वेळी जावईबापू पुढे झाले. "मी नेतो," म्हणाले, आणि जिन्यामागे जाऊन आले. आता त्यांच्या दोन्ही हातांत एकेक पोतं होतं आणि ते जिना शीळ घालत चढत होते.

बाईंनी ते पाहिलं. निवांतनं पाहिलं आणि एकदम त्याला गाडीच्या टायरमध्ये काहीतरी बघायचं आठवलं. कंपाउंडर आभाळाकडे बघू लागला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त बाईंनाच कोणी विचारलं नव्हतं. बाईंच्या मनात आलं, बोलू नये. चौदा पायऱ्या आहेत, उतरतील, एक सही, एक वर्ष, संपलं. हा विचार त्यांना इतका गोड वाटला की त्या पेनचं टोपण काढून तशाच उभ्या राहिल्या.

आबा नुकतेच आले होते. दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री, बूट चकचकीत. ते सावकाश जिना चढून वर गेले आणि स्ट्रेचरशेजारी वाकून एक पोतं एका हातानं उचलून पाहिलं. मग दुसरं. मग खाली सगळ्यांकडे नजर टाकली.

"जावईबापू, वाळू वाळत घातली होती काय? निम्मी उडून गेली."

जावईबापूंनी मान खाली घातली. "मामा..."

"असू द्या." आबांच्या आवाजात राग नव्हता. "पोती खाली घ्या. वाळूला कुठे नेतोय ते कळत नाही. माणूस झोपवा." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तू ये वर."

"मी?"

"तूच बघणार आहेस ना? मग तिथून बघ. वजन किती तुझं?"

"बायकांना वजन विचारू नये, आबा," निवांत टायरमागून म्हणाला.

"बहात्तर," बाई म्हणाल्या. कोणी हसलं नाही. "पायाशी एक खरं पोतं ठेवा, आणि तीन किलोचा सिलिंडर. नव्वद होतात."

पोतं नव्यानं भरलं, काट्यावर घातलं. बाई जिना चढून वर गेल्या आणि स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. आबांनी पट्टे लावले. छाती, मांड्या, पोटऱ्या. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं घालून सैल की घट्ट ते पाहिलं. मग ते पेशंटला सांगत तसंच म्हणाले, "हात पोटावर ठेवायचे. काही धरायचं नाही. आम्ही धरलंय."

जावईबापू पायाकडे गेले. "एक, दोन, उचल," आबा म्हणाले, आणि बाई जमिनीवरून उचलल्या गेल्या.

चौदा वर्षांत त्यांनी शेकडो माणसं अशी नेली होती, नेताना पाहिली होती, पण स्वतः कधी या जागेवर नव्हत्या. वर नुसतं पांढरं आभाळ होतं आणि आभाळात उलटा आबांचा चेहरा. हनुवटीवर दाढी करताना राहिलेली चार पांढरी खुंटं दिसत होती. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब होता. पहिली पायरी, दुसरी. लोखंड ठण् ठण् वाजत होतं. तिसरी, चौथी. आबांचे ओठ पायऱ्या मोजत होते. सातवीला त्यांचा श्वास बदलला. आठवीला बाईंना डोक्याखालच्या दांड्यातून एक बारीक थरथर जाणवली, कुठल्याही कागदात न येणारी. नववीला डावा गुडघा किंचित दबला आणि स्ट्रेचर वीतभर कललं.

फार नाही, वीतभरच. आबांनी लगेच सावरलं. तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही. उरलेल्या पाच पायऱ्या ते एका लयीत उतरले, खाली आले आणि 'एक, दोन, ठेव' म्हणून स्ट्रेचर असं टेकवलं की बाईंना जमीन लागल्याचं कळलंही नाही. निवांतनं सुटकेचा श्वास सोडला. न थांबता, न टेकवता, चौदा पायऱ्या, नव्वद किलो. कागदात होतं ते सगळं झालं होतं.

"उतरले की मामा," जावईबापू म्हणाले. "बाई, उतरले."

आबा बाईंच्या उजव्या हाताकडे बघत होते. बाईंनीही बघितलं. हात पोटावर नव्हता. स्ट्रेचरच्या कडेच्या कठड्याभोवती बोटं आवळलेली होती, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. कधी धरलं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी धरलंच नव्हतं, हातानं धरलं होतं.

गाडीवरच्या माणसांना ही गोष्ट कोणी शिकवत नाही, ती हळूहळू कळते. पेशंट ओरडतो, शिव्या देतो, घरच्यांना बोलावतो, त्याचं काही नाही. पण त्यानं कठडा धरला की समजायचं, आपल्या हातांवरचा त्याचा विश्वास उडाला. बाईंनी घाईनं बोटं सोडवली. त्यांना इतकी लाज वाटली की चेहरा कुठे लपवावा ते कळेना, आणि पट्ट्यांमुळे कूसही बदलता येत नव्हती.

"आबा, मी उगाच... मला सवय नाही झोपायची."

"कोणाला असते?" आबा म्हणाले. त्यांनी गुडघा टेकून पट्टे सोडले, आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग छाती. तळहात पाठीखाली घालून बाईंना बसतं केलं. "सावकाश. चक्कर येतेय का?"

बाईंनी मान हलवली आणि मग त्या रडल्या. चार माणसांसमोर, स्ट्रेचरवर बसून, पदरानं तोंड न झाकता रडल्या. कंपाउंडर पाण्याचा पेला घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला.

आत गेल्यावर आबा समोरच्या खुर्चीत बसले. बाईंनी फॉर्म पुढे ओढला. बाकीच्या तिघांचं 'योग्य' लिहून झालं होतं. जावईबापूंच्या नावापुढे त्यांनी 'खांदा दाखवून घेणे' असं जोडलं. मग चौथं नाव.

"कागदात लिहिलंय, न थांबता, न टेकवता," बाई म्हणाल्या. "ते तुम्ही केलंत. मी योग्य लिहिलं तर खोटं होणार नाही."

"ज्यानं कागद लिहिला त्याला स्ट्रेचरवर कुठे झोपवलं होतं?" आबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "लिही."

बाईंनी लिहिलं. अयोग्य. पुढे कारणाचा रकाना होता. त्यांनी 'पाठी'पर्यंत लिहिलं.

"पाठीचं नको," आबा म्हणाले. "पाठ उद्या बरी होईल, मग मी पुन्हा तुझ्या मागे लागेन. खरं ते लिही. पेशंटनं कठडा धरला."

"असं कारण चालतं का?"

"गाडीवरच्या माणसाला कळेल. ज्याला कळणार नाही त्यानं विचारावं, मी सांगेन."

बाईंनी आधीचा शब्द खोडला आणि आबांनी सांगितलं तसं लिहिलं. सही केली. आबांनी कागद फिरवून घेतला, ओळीवर बोट ठेवून वाचला आणि खाली आपली गोल, सावकाश सही केली. सही करून झाल्यावर त्यांचे हात टेबलावर तसेच राहिले, रुंद, सुरकुतलेले, बोटांच्या मुळाशी दांड्यानं पडलेले घट्टे. आता त्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नसावं. बाहेर जावईबापू निवांतबरोबर स्ट्रेचर गाडीत चढवत होते.

"सोमवारपासून," बाई म्हणू लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दोघांचेही हात एकदम पुढे गेले. बाईंनी आपला मागे घेतला.

आबांनी रिसीव्हर उचलला, चुकून उलटा धरला, सरळ केला. "बोला," ते म्हणाले. "रडू नका, मी ऐकतोय. आधी सांगा, किती पायऱ्या आहेत?"